शेवटच्या रिळाची कॅसेट

९ जानेवारी २०१३, बुधवार

आज घरी आलं ते: स्पीकर दोन, रु. २१,५००. साउंड कार्ड नावाचा एक डबा, रु. ११,२००. हातभर लांबीचा कीबोर्ड, ज्याला स्वतःचा आवाज म्हणून नाही, रु. ७,८००. भिंतीला चिकटवायच्या काळ्या फोमच्या लाद्या चोवीस, रु. ४,३२०. टेम्पो तीनशे, हमाली शंभर. एकूण रु. ४५,२२०. हमालाला गूळपाणी मी दिलं, ते यात धरलेलं नाही.

पैसे श्रीनिवासचे. दिवाळीत हिंजवडीची नोकरी सोडली तेव्हा हातात आले त्यातले. आठ वर्षं टिकलेली नोकरी. का सोडलीस म्हणून विचारलं तर म्हणे, "आई, मला म्युझिक करायचंय." तेहेतीस वर्षांचा घोडा. याच्या वयाला याचे वडील दिवसा जिल्हा परिषदेत फायली उपसत आणि उरल्या वेळात व्हायोलिन वाजवत. नोकरी सोडून वाजवावं हे त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तर मी सुचू दिलं नसतं.

सामान मधल्या खोलीत लागलं. मधल्या खोलीची आणि देवघराची भिंत एकच. मी म्हटलं, "देवांना विचारलंस का?" तर म्हणतो, "म्हणून तर फोम लावतोय." हे खुर्चीत पेपर तोंडापुढे धरून बसले होते. मी म्हटलं, "अहो, तुम्ही तरी बोला काही."

"अं?" म्हणाले.

डावा कान गेलेलाच आहे. सोयीच्या वेळी उजवाही जातो.

१२ जानेवारी, शनिवार

आज पोळ्या झाल्यावर श्रीनिवासला समोर बसवला. म्हटलं, नेमकं करणार काय ते एकदा मॅट्रिक झालेल्या बाईला कळेल असं सांग.

तर असं आहे. जुन्या मराठी सिनेमांतली गाणी नव्हे, गाण्यांच्या मधलं संगीत. नायिका जिना उतरते, कोणी पत्र फाडतं, तेव्हा मागे जे वाजत असतं ते. त्याचे तुकडे घ्यायचे, तसे नवे तयार करायचे, आणि त्यांच्याखाली क्लबातला ठोका घालायचा.

"क्लब म्हणजे?"

"कोरेगाव पार्कात. लोक नाचतात तिथे."

"पितात तिथे."

"पितात पण."

निदान खोटं बोलला नाही.

जोडीला एक मुलगी आहे. रशीदा नावाची. येरवड्याहून स्कूटरवर येते. सव्वीस-सत्तावीसची असेल. ठोक्याचं काम तिचं, क्लबवाले तिला ओळखतात म्हणे. चपला दाराबाहेर जोडीनं काढून ठेवते, जे श्रीनिवासला अजून जमलेलं नाही. मला काकू म्हणते. चहा घेणार का म्हणून विचारलं तर हो म्हणाली. आमच्या वेळी निदान दोनदा नाही म्हणायची पद्धत होती.

गुरुवारी ह्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, ते लिहायचं राहिलं. उजव्या कानाला पाच-सहा महिने. मग मशीन. मशीननं बोलणं कळेल, पण सूर कळणार नाहीत, वाद्यं भांड्यांसारखी ऐकू येतील, असं डॉक्टर म्हणाले. हे म्हणाले, "चालेल."

रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "शेवटचं रीळ एकदा ऐकायला हवं होतं."

मी मीटरकडे बघत बसले.

१६ जानेवारी, बुधवार

शेवटचं रीळ म्हणजे काय ते लिहून ठेवते. पुढेमागे ही वही श्रीनिवासच्या हाती पडेल, तेव्हा त्याला आईची बाजूही कळू दे.

हे सिनेमांच्या पार्श्वसंगीतात व्हायोलिन वाजवायचे. रजा काढून मुंबईला जायचे. चाळीस जणांतले एक. १९७९ मध्ये एकदाच एका सिनेमाचं सगळं पार्श्वसंगीत ह्यांनी स्वतः केलं. सहा महिने या घरात दुसरा विषय नव्हता. वहीत सेकंद लिहायचे. "बेचाळिसाव्या सेकंदाला दार उघडतं," असं जेवताना मला सांगायचे, आणि माझ्या हातात वाढायची पळी. सिनेमा पुढे डब्यातच राहिला, कोणी बघितला नाही. ह्यांच्याकडे उरली एक कॅसेट. शेवटच्या रिळाचं वीस मिनिटांचं संगीत. त्यानंतर स्वतःचं असं ह्यांनी काही केलं नाही.

आज श्रीनिवास आणि रशीदानं ह्यांना मधल्या खोलीत नेलं, उजवा कान स्पीकरकडे करून बसवलं आणि स्वतः केलेलं काहीतरी ऐकवलं. मी दारातून बघत होते. धप धप धप, आणि वर सारंगीसारखं रडकं काही. ह्यांचा डावा हात मांडीवर हलायला लागला. बोटं दाबत होते. रशीदा म्हणाली, "काका, तुमच्या कॅसेटवर काम करायचंय. ती कुठेय?"

"हिला माहीत असेल," असं म्हणून ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, माळ्यावर असेल, रविवारी बघू.

माळ्यावर नाही. देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. मला चांगलं माहीत आहे.

२० जानेवारी, रविवार

श्रीनिवासनं सकाळपासून माळा उपसला. चार पत्र्याचे डबे, मोडका पंखा, त्याचा पाळणा. दुपारी मी स्वतःच कप्प्यातून कॅसेट काढली आणि टेबलावर ठेवली. जोरातच ठेवली.

कॅसेटवर ह्यांच्या अक्षरात "शेवटचं रीळ" आणि त्याच्याखाली माझ्या अक्षरात "गुरुवारचं भजन, मंडळ".

श्रीनिवासनं ती उलटी केली. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचा जो बारका दात असतो, तो मोडला की तिच्यावर कोणाला दुसरं भरता येत नाही. ह्यांनी तो १९७९ मध्येच मोडला होता. आणि त्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, पण जागची हललेली नाही. मी लावलेलं काही सुटत नाही.

लावली. झांजा. मग माझा आवाज, पंचवीस वर्षांपूर्वीचा, बरा होता. "बायडाबाई, जरा पुढे सरका, तुमची झांज येत नाहीये." मग सोळा मिनिटं दत्ताची पदं. मग बायडाबाईचं, "अवो बाई, माजी मांजरीची बस चुकंल, बंद करा आता," आणि खटका. बायडाबाई मांजरी गावाहून मंडईत पालेभाजी आणायची, परतीची बस गाठण्यासाठी भजनातून नेहमी उठायची.

खटक्यानंतर, काही नसताना, एकदम व्हायोलिनं. पुष्कळ. चार मिनिटांनी तेही संपलं.

श्रीनिवास म्हणाला, "आई, हे तू केलंस?"

मी म्हटलं, "नाही, शेजारणीनं येऊन केलं."

हे उठले, चिकटपट्टीवरून एकदा अंगठा फिरवला आणि फिरायला गेले. ओरडले असते तर मी ओरडले असते. तेवढंही सुख दिलं नाही.

२१ जानेवारी, सोमवार

१९८८ साली चांगली कोरी कॅसेट बावीस रुपयांना होती. मंडळाला भजन भरून हवं होतं. ह्यांनी व्हायोलिन तेव्हा पेटीत घालून ठेवलं होतं, कॅसेट दोन वर्षं कोणी लावलेली नव्हती. घरात पडून असलेली वस्तू वापरली. यात काय चुकलं? बावीस रुपयांत तेव्हा चार दिवसांची भाजी येत होती.

असं श्रीनिवासला सांगितलं. तो म्हणाला, "दात मोडलेला होता, आई. पट्टी लावावी लागली तुला."

वकील झाला असतास तर बरं झालं असतं, म्हटलं.

आता बाकीचंही लिहिते. नोव्हेंबर १९७९ मध्ये माझे वडील वाईला वारले. मी पाच महिन्यांची पोटुशी. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. दोघी धाकट्या, लग्न माझं एकटीचं झालेलं. अग्नी जावयानं द्यायचा, हे बाबांनी जिवंतपणी तीनदा सांगून ठेवलं होतं, भटजींसमोर. हे मुंबईला रेकॉर्डिंग हॉलवर होते. शेवटच्या रिळाचा दिवस. सकाळी अकराला हॉलवर ट्रंककॉल लावला. संध्याकाळी पाचपर्यंत वाट बघितली. बाबांना अंगणात ठेवून. शेवटी चुलत घरातल्या कोणीतरी अग्नी दिला, ज्याच्याशी बाबांचं बांधावरून भांडण होतं.

हे आले तिसऱ्या दिवशी.

मी तेराव्यानंतर पुण्याला परत आले, तेव्हा ह्यांच्याबरोबर अकॉर्डियन वाजवणारा मुनव्वर दारात आला. ह्यांचा जिवलग. आमच्याकडे महिन्यातून दोनदा जेवायला असायचा. हात जोडून म्हणाला, "वहिनी, निरोप माझ्याकडे आला होता. चाळीस माणसं बसली होती, मी दाबून ठेवला. श्यामसुंदरला काही माहीत नव्हतं." मी म्हटलं, पुन्हा या दारात दिसू नका. तो गेला. पुन्हा दिसला नाही. सांगितलेलं ऐकणारा तेवढा एकच माणूस मला भेटला.

त्या वीस मिनिटांसाठी बाबा अंगणात पाच वाजेपर्यंत होते. त्याच्यावर देवाचं नाव भरलं तर बिघडलं कुठे?

२२ जानेवारी, मंगळवार

एकादशी. साबुदाणा केला नाही, नुसतं ताक घेतलं.

२ फेब्रुवारी, शनिवार

या पोरांच्या बुद्धीची कमाल आहे. चार मिनिटं उरली ती घेऊन गप्प बसावं, तर माझं भजनही घेतलं. सुरुवातीला आमच्या झांजा, त्यांच्याखाली हळूहळू ठोका, मग आम्ही बायका दत्ताचं नाव घेतोय, मग खटका, आणि मग ह्यांची व्हायोलिनं. कोरेगाव पार्कात चोवीस तारखेला वाजवणार. जिथे ग्लास भरतात तिथे.

मी सांगितलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

रशीदानं वाद घातला नाही. म्हणाली, "बरोबर आहे काकू. देवाचं नाव काढते. झांज ठेवू?"

"झांज बायडाबाईची आहे. तिला विचार."

मला वाटलं तिथे संपलं. पोरीनं खरंच स्कूटर काढली, मांजरीला गेली, सत्तरीची म्हातारी मागे बसवून घेऊन आली. बायडाबाईनं कानाला ते मोठे हेडफोन लावले आणि तोंडभर हसली. "अगं बया, ही मीच हाय की! लई घाई झालीया माजी शेवटाला."

"आजी, तीच घाई मला आवडली," रशीदा म्हणते. "मशीनला एकसारखं चालायची सवय असते. मी मशीनला तुमच्या मागे धावायला लावलंय."

"धावू दे मेल्याला. वाजवा कुटं वाजवायचं तितं." आणि माझ्याकडे वळून, "बाई, एवढं त्वांड कशापायी पाडलंय? मेल्यावर कोण इचारतंय आपल्याला. हितं जित्तेपणी इचारत्यात."

जाताना मेथीची जुडी देऊन गेली. पैसे घेतले नाहीत. त्याचाही राग आला.

९ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी रशीदा चहाचे कप विसळायला ओट्याशी आली. विसळताना गुणगुणत होती. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. हे त्या सहा महिन्यांत दाढी करताना जे गुणगुणायचे ते. पण त्या चार मिनिटांतलं नव्हे. त्याच्या आधीचं. मी पुसलं त्यातलं.

"हे कुठून आलं तुझ्या तोंडात?"

तिनं नळ बंद केला. घाबरली नाही. "नाना रोज सकाळी वाजवतात. अकॉर्डियनवर. लहानपणापासून ऐकतेय."

"कोण नाना?"

"आईचे वडील. मिरजेला असतात. मुनव्वर नाव त्यांचं."

मी म्हटलं, "म्हणजे हे घर कुठलं ते माहीत असून आलीस?"

"माहीत होतं म्हणूनच आले, काकू. नाना कोणाला रेकॉर्ड करू देत नाहीत. मला पण नाही. ज्याचं आहे त्याला विचार, म्हणतात. म्हणून श्रीनिवासला फेसबुकवर शोधला."

"श्रीनिवासला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि ह्यांना?"

"काकांना मी नव्हतं सांगितलं. त्यांनीच विचारलं, मुनव्वर कसा आहे. माझी हनुवटी नानांसारखी आहे म्हणाले."

चाळीस वर्षं या घरात दूध किती आलं आणि किती नासलं ते मी सांगते. आणि घरात कोण येऊन बसलं आहे ते माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी माझ्या बापाचा निरोप दाबला. बापाला अग्नी द्यायला जावई पोचला नाही. कळलं? जा आता."

तिनं हात पुसले, फडकं घडी करून ठेवलं. दाराशी चपला घालताना म्हणाली, "नाना म्हणतात, आयुष्यात एकच मोठं खोटं बोललोय. कोणतं ते सांगत नाहीत."

श्रीनिवास तिच्या मागे जिना उतरून गेला. मी पोळ्या पुऱ्या केल्या. एक करपली. ती मीच खाल्ली.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस रशीदाचं ते वाक्य डोक्यात होतं. आज सकाळी हे अंघोळ करून आले तेव्हा समोर उभी राहिले. उजव्या कानाशी ओरडून भांडायचं म्हणजे निम्मं भांडण शेजाऱ्यांचं होतं, पण आता त्याचीही पर्वा नाही.

"ट्रंककॉल कोणी घेतला होता?"

"अं?"

"अं नाही. ट्रंककॉल. वाईचा. कोणी घेतला?"

ह्यांनी टॉवेल दोरीवर टाकला, सारखा केला, आणि म्हणाले, "मी."

म्हणाले, हॉल दोन दिवसांचाच मिळाला होता. चाळीस माणसं. उठलो असतो तर शेवटचं रीळ झालंच नसतं. वाटलं, दुपारी दोनपर्यंत संपेल, टॅक्सीनं निघू. सहा वाजले. मग यायला तोंड नव्हतं, म्हणून दोन दिवस मुनव्वरच्या खोलीवर बसून राहिलो.

"आणि मुनव्वर?"

"तो म्हणाला, माझ्यावर घाल. वहिनी माझ्यावर रागावल्या तर मी परका, जाईन. तुझ्यावर रागावल्या तर घर मोडेल, मूल यायचंय."

"आणि तुम्ही घातलंत."

"घातलं."

मग म्हणाले, आणि हे मी शब्दाला शब्द लिहिते आहे, "चिकटपट्टी मी त्याच वर्षी बघितली होती, सरोजिनी. अठ्ठ्याऐंशीला. भजनही ऐकलं. म्हटलं, चला, हिशोब फिटला."

हिशोब फिटला! हिशोब आमच्या दोघांचा, आणि रक्कम भरली मिरजेच्या माणसानं. तीही तेहेतीस वर्षं. असली बेरीज मी किराणेवाल्याला करू देत नाही. आणि दर गुरुवारी मी भजनाला बसले की हे बाहेरच्या खोलीत शांत बसायचे, मला वाटायचं भक्तीनं ऐकतात!

मी म्हटलं, "तुम्हाला ओरडता आलं नाही माझ्यावर?"

"कोणत्या तोंडानं?"

याचाच जास्त राग आला.

१७ फेब्रुवारी, रविवार

पाच दिवस स्वयंपाक करते, वाढते, बोलत नाही. देवाशीसुद्धा रामरक्षेपुरतंच. देवाला काय माहीत नव्हतं? त्याच्या खालच्याच कप्प्यात होती कॅसेट.

श्रीनिवास मधल्या खोलीत दार लावून असतो. रशीदा येत नाही. फोनवर काम चालतं त्यांचं. हे दाराला उजवा कान लावून उभे असतात, मला बघितलं की पाणी प्यायला आल्यासारखं करतात. पाण्याचा माठ दुसऱ्या टोकाला आहे.

२४ फेब्रुवारी, रविवार

गेले. कोरेगाव पार्कात.

जाणार नव्हते. हे दुपारी तीनला स्वतः इस्त्री केलेला सदरा घालून दारात उभे राहिले. जिना उतरताना डाव्या बाजूला तोल जातो, एकटे कसे सोडणार. वाजवण्याची वेळ चारची होती, तेवढं बरं. दारातल्या माणसानं आमच्या दोघांच्या मनगटावर शिक्के मारले, जनावरांना मारतात तसे. लिंबूपाणी एकशे ऐंशी रुपये. मी घरून बाटली नेली होती, ती आत नेऊ देईना. मी म्हटलं, "हे पाणी आहे. तुमच्याकडे असतं ते नाही." सोडली.

पोरं-पोरी पुष्कळ. एकीनं उठून ह्यांना स्टूल दिलं. रशीदा वर यंत्रांपाशी होती, श्रीनिवास शेजारी. तिनं आम्हाला बघितलं, मान झुकवली, हसली नाही. ठीकच आहे.

बायडाबाईची झांज सुरू झाली. दत्ताचं नाव खरोखर काढलं होतं, एकाही ठिकाणी नव्हतं, मी लक्ष देऊन ऐकलं. ठोका छातीत बसत होता. हे उठले आणि जाऊन त्या माणसाएवढ्या स्पीकरवर उजवा तळवा ठेवून उभे राहिले. मग व्हायोलिनं आली. नाचणारी पोरं एकेक करत थांबली. मला वाटलं काही बिघडलं. बिघडलं नव्हतं, ऐकत होती.

चार मिनिटांनी कॅसेट जिथे संपते तिथे संपलं. रशीदानं पुढे स्वतःचं काही जोडलं नाही. नुसती टेपची खरखर ठेवली. त्या खरखरीत मी ह्यांच्याकडे बघत होते. डावा हात हवेत वर होता आणि बोटं चाललीच होती. व्हायोलिन नाही, तारा नाहीत. किती वेळ ते मी मोजलं नाही. मी मोजलं नाही असं क्वचित होतं.

टाळ्या पडल्यावर ह्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आधीचं कुठंय?"

बाहेर आल्यावर स्कूटरपाशी रशीदाला गाठलं. माफी मागायला गेले नव्हते. विचारलं, "तुझ्या आजोबांना सगळं येतं? पुसलेलं सोळा मिनिटांचं?"

"सगळं. सेकंदासकट. प्रत्येक वाद्याचं वेगळं."

"मग बोलाव त्यांना."

"बोलावलंय, काकू. दोनदा. ते म्हणतात, त्या घरच्या बाईनं नको म्हटलंय, तीच ये म्हणेल तेव्हा येईन. तुमच्या घरचा फोन ते घेणार नाहीत. पत्र आलं तर वाचतील."

अडेलतट्टू. ह्यांचा मित्र शोभतो.

२५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पूजेनंतर पत्र लिहिलं. दोन फाडली, हे तिसरं. टपालात टाकायच्या आधी नक्कल इथे उतरवून ठेवते. ह्यांना दाखवलेलं नाही.

मुनव्वरभाऊ,

नमस्कार. मायना काय घालावा यात अर्धा तास गेला, तेव्हा तो घातला नाही.

मी सरोजिनी, नारायण पेठ. ट्रंककॉल कोणी घेतला ते मला या बारा तारखेला कळलं. तुम्ही माझ्या दारात उभं राहून खोटं बोललात आणि मी ते लगेच खरं धरलं, एक प्रश्न विचारला नाही. ह्यांच्यावर संशय घेण्यापेक्षा तुमच्यावर घेणं मला सोपं गेलं. का सोपं गेलं ते तुम्हाला त्याच दिवशी कळलं असणार. मला कळायला इतकी वर्षं लागली आणि लिहायला दोन कागद फुकट गेले.

दुसरं असं, की शेवटच्या रिळाची कॅसेट मी पुसली. दात मोडलेला दिसत असताना पट्टी लावून पुसली. सगळ्यांना मी बावीस रुपये वाचवले असं सांगते. बावीस रुपयांसाठी नाही पुसली.

ते संगीत मी आजपर्यंत एकदाही पूर्ण ऐकलेलं नाही. भरताना खाली काय आहे ते लावूनसुद्धा बघितलं नव्हतं. काल चार मिनिटं नीट ऐकली, परक्या ठिकाणी, उभ्यानं. ह्यांनी मला विचारलं, आधीचं कुठंय. ते तुमच्याकडे आहे.

ह्यांच्या उजव्या कानाला डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. त्यानंतर तुम्ही समोर बसून वाजवलंत तरी ह्यांना भांडी आपटल्यासारखं ऐकू येईल. तुमच्या नातीचं आणि माझ्या मुलाचं यंत्र तयार आहे, खोलीला फोम लावलेला आहे. आमच्या देवांची काही तक्रार नाही.

हे पत्र गोड नाही, मला दिसतं आहे. माझा राग गेलेला नाही. ह्यांच्यावरचा नाही आणि तुमच्यावरचाही नाही. माझं घर मोडेल की राहील हे तुम्ही दोघांनी मला न विचारता ठरवलंत. ते मला तुमच्याशी समोरासमोर बोलायचं आहे, तेव्हा तयारीनं या. आधी वाजवा, मग बोलू.

तुमच्या नातीला मी घराबाहेर काढलं होतं. तिला आज मी स्वतः फोन करून बोलावलं आहे. येते म्हणाली.

तुम्ही या. मी म्हणते आहे. अकॉर्डियन घेऊन या, आणि मुक्कामाच्या तयारीनं या, सोळा मिनिटं एका दिवसात होणार नाहीत. श्रीनिवास स्टेशनवर घ्यायला येईल. कोणत्या तारखेला, कोणत्या गाडीनं निघता, ते उलट टपाली कळवा.